टाळी वाजेना म्हणून

रामबागेतले एक काका माझ्याकडे आले आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी टाळी वाजवून दाखवली. थप्प. "ऐकलंस बेटा? आरतीत शेजारचे हसतात."

उजव्या हाताची अनामिका तळव्याकडे वाकलेली. दुखणं शून्य. पण तोंड धुताना बोट डोळ्यात जायचं, खिशात हात घातला की अडकायचा. मधुमेह जुना. कुणीतरी 'नस आखडली' म्हटल्यामुळे वर्षभर तेल चोळणं चाललं होतं.

मी फिजिओथेरपिस्ट, सवयीनं मीही बोट ताणायलाच घेतलं. मग थांबले आणि त्यांचं मनगट खाली वाकवलं. बोट वाकवणारा स्नायूबंध आखूड झाला असता, तर मनगट वाकताच बोट सैल पडलं असतं. ते जागचं हललं नाही. तळव्यावर अंगठा फिरवला तर कातडीखाली सुतळीसारखी ताठ दोरी, बुडाशी गाठ. हात टेबलावर पालथा ठेवायला सांगितला. खालून पेन्सिल आरपार गेली.

ड्युपुट्रेन! 1831 मध्ये यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या फ्रेंच सर्जनचं नाव. तळव्याच्या कातडीखालचं आवरण जाड होऊन आखडतं, स्नायूबंध बिचारे निर्दोष. उत्तर युरोपातल्या लोकांत हा विकार जास्त, आपल्याकडे कमी, म्हणून चटकन सुचत नाही. तेलानं किंवा माझ्या व्यायामानं ती दोरी सुटणार नव्हती. हे सांगताना मला जरा ओशाळंच वाटलं.

सर्जननी सुईनं दोरी तोडायचं ठरवलं. त्या दिवशी मीही गेले, कारण स्प्लिंट, म्हणजे बोट सरळ धरून ठेवणारा आधार, लगेच करायची होती. बधिर केली ती फक्त कातडी. बोटाची नस दोरीला लगटून जाते. सुई तिला लागली तर झिणझिणी कळायला हवी. सर्जन दर मिनिटाला विचारत, "काका, शेंडा जागा आहे ना?" सुईच्या टोकानं दोरी जागोजागी कातरून त्यांनी बोट हळूच मागे ताणलं.

कट्!

खोलीभर ऐकू आलं. काका दचकले, "हाड मोडलं की काय?"

तळव्याजवळचा सांधा पूर्ण उघडला. मधला हट्टी, तो थोडा वाकलेलाच राहिला. या पद्धतीत दोरी काढत नाहीत, नुसती तोडतात, त्यामुळे काही वर्षांनी बोट पुन्हा वाकू शकतं, हे सर्जननी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. मी गरम पाण्यात प्लास्टिकचा पत्रा मऊ करून रात्रीची स्प्लिंट बेतली. सगळ्यांनाच ती लागते असं नाही, पण मधल्या सांध्यावर माझा भरवसा नव्हता.

पट्टी बांधून होते न होते तोच काकांनी दोन्ही हात उचलले. मी ओरडलेच, "आत्ता नाही हं!"

गणपतीत त्यांचा फोन आला. आरती चालू होती, फोन बहुधा पाटावर ठेवला होता. झांजांच्या गलक्यात एकही टाळी वेगळी कळेना. संपल्यावर त्यांनी विचारलं, "आली ना ऐकू?"

मी आली म्हणून सांगितलं.