क्रूझच्या आधी समुद्रकाठची वाट

क्रूझ मुंबईहून सुटणार, म्हणजे धुळ्याहून रात्रीची गाडी धरायची आणि थेट बंदर गाठायचं, असंच घरात चाललं होतं. आज जेवणं झाल्यावर आबांनी नकाशा पसरला आणि सगळा बेतच बदलला.

आता ताम्हिणी घाटातून माणगावला उतरायचं, मुक्काम हरिहरेश्वरला. पुढे श्रीवर्धन ते दिवेआगर, शेखाडीवरून. त्या रस्त्याला समुद्र अगदी गाडीच्या खिडकीला लागून चालतो. आईचं सगळं आयुष्य पांझरेकाठी गेलं, तिला मला हेच दाखवायचंय. जहाजावरून पाणी दिसेलच हो, पण सुपारीच्या वाड्या, दोरीवर वाळत घातलेले बोंबील तिथून कुठले दिसायला?

दिघीहून गाडीसकट जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, खाडीपलीकडे आगरदांडा, मग मुरूड, काशीद. शेवटी मांडव्याहून गाडीसकट रो-रो बोटीने मुंबईचा भाऊचा धक्का, म्हणजे मुंबईत शिरतानाची कोंडी टळते. एका गोष्टीवर मात्र मी अडूनच बसलो: मुंबईत आदल्या संध्याकाळी पोचायचं. जहाज कुणासाठी थांबत नाही, आणि फेरीबोटींचं सगळं हवामानावर.

आईने आत्ताच विचारलं, दशम्या किती करू? म्हटलं, भरपूर कर, शेंगदाण्याची चटणीपण घे.