फोन आहे ना, मग कांजी कशाला?

इथे तोक्योतल्या निशिकासाईत नव्याने आलेली मराठी मंडळी विचारतात, पुण्याहून नणंदबाईही विचारतात: कांजीवर, म्हणजे जपानीतल्या त्या चिनी अक्षरांवर, फोनचा कॅमेरा धरला की अर्थ समोर येतो, मग तू अजून वही घेऊन का बसतेस? आजवर "परीक्षेसाठी" म्हणून वेळ मारून नेली. आता नीट सांगते.

पाच रेघांचं एक कांजी आहे, पहिलीतली मुलं शिकतात ते. एकटं असलं की 'नामा', म्हणजे कच्चं. 'गाकुसेइ'त, म्हणजे विद्यार्थ्यात, त्याचं 'सेइ' होतं. जगणं त्याचंच, जन्मणंही त्याचंच. त्याच्यावर आणखी सहा रेघा चढवल्या की 'सान': प्रसूती, पीक, उत्पादन. नेहमीच्या वापराच्या २१३६ अक्षरांपैकी ही दोन. पुण्याच्या क्लासमध्ये मी ती हौसेने गिरवली होती.

पाचव्या महिन्यात आमचं बाळ पोटातच गेलं. बारा आठवडे उलटल्यावर असं झालं तर इथे सात दिवसांत 'शिझान-तोदोके', म्हणजे मृतजन्माची नोंद, भरून द्यावी लागते. नर्सने कागद पलंगाशी ठेवला, नवऱ्याने त्यावर फोन धरला. मला फोनची गरज नव्हती. पहिलं अक्षर 'शि', मृत्यू. त्याला चिकटून 'सान', इथे त्याचं 'झान' झालेलं, आणि त्याच्या तळाशी ते पहिलीतलं अक्षर जसंच्या तसं. आईबापाच्या नावांना रकाने होते, तारखेला होता, वेळेला होता. बाळाच्या नावाला नव्हता. नवरा म्हणाला, "तू नको वाचूस गं, मी भरतो." मी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि रकाने भरत गेले.

फोनने अर्थ अचूक दिला होता, हे मान्य. पण माझ्या बाळाबद्दलचं ते मला दुसऱ्या कुणाकडून ऐकायचं नव्हतं.

याची किंमतही पडते. पुढे सुपरमार्केटमध्ये सफरचंदांवर 'आओमोरी-सान', बटाट्यांवर 'होक्काइदो-सान'. कुठे पिकलं ते सांगणारं तेच अक्षर, प्रत्येक पाटीवर. ज्यांना वाचता येत नाही ते सुटले, असं तेव्हा वाटायचं. अजूनही एखाद्या दिवशी वाटतं. क्लासमधली मी सगळ्यांना सांगायची, कांजी म्हणजे चित्रं, शिकायला मजा येते. तिच्याशी माझं आता पटत नाही, पण वही तिनेच हातात दिली, हेही खरं.

ताई, फोनने काम भागतं, तुमचं चूक नाही. डिसेंबरच्या परीक्षेचा फॉर्म मी भरलाय, पण वही घेऊन बसते ती त्यासाठी नाही.