तुम्ही विचारलंत म्हणून: अल्लाहचा राग येत नाही का?

चिपळूणचा पूर म्हटलं की लोक आधी दुकानाचं विचारतात, मग अब्बांचं, आणि मग जरा आवाज खाली करून, "एवढं झालं तरी पाच वेळा नमाज पढतोस, अल्लाहचा राग नाही येत?"

येतो.

२१ जुलै २०२१ला बकरी ईद, आणि गुरुवारी पहाटे वाशिष्ठीचं पाणी मोहल्ल्यात. धरण, भरती की पाऊस ही भांडणं अजून चालूयत, त्यात मी पडत नाही, पण सगळं अल्लाहच्या नावावर खपवणाऱ्यांतलाही नाही, उंट आधी बांध मग भरवसा ठेव असं आमच्या पैगंबरांनीच सांगितलंय. कोविडनंतर अब्बा घरी ऑक्सिजनच्या मशीनवर होते. लाइट गेली, मशीन बंद. एक छोटा सिलिंडर होता, तो फ्लो कमी करून करून संध्याकाळपर्यंत पुरवला. फोनला रेंज नाही. गच्चीवरून ओरडलो, बोट दिसली ती दुसऱ्या गल्लीत गेली. मगरीबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजनंतर, अब्बा गेले. अम्मी त्यांच्या कानाशी कलमा म्हणत होती आणि मी रिकाम्या सिलिंडरचा नॉब फिरवत बसलो होतो.

गुस्लला, म्हणजे मय्यतीला आंघोळ घालायला, पाणी नाही. खाली आख्खा मजला बुडालेला, पण ते सगळं चिखल न डिझेलचं. मग गच्चीवर टोप, बादल्या, कुर्बानीच्या मटणाची परातसुद्धा धुऊन लावली, पावसाचं पाणी धरलं, त्याने भावाने न मी आंघोळ घातली. कफन कुठून आणणार, हजवरून आणलेलं इहराम, तिथे नेसतात ती बिनशिवलेली पांढरी कापडं, वरच्या कपाटात होतं, तेच.

कोविडमध्ये मी स्टेटसला कुराणातली आयत टाकायचो, अडचणीबरोबर सोय आहे, सूरह इन्शिराहमध्ये लागोपाठ दोनदा येते ती. तेव्हाच्या मला आता विचारावंसं वाटतं, कुठली सोय रे? तो म्हणेल, पावसाचं पाणी मिळालं की. मिळालं, पण ऑक्सिजन नाही मिळाला. आमचं दोघांचं अजून मिटलेलं नाही.

आणि "सब्र कर, रडू नको"वाल्यांनो, मुलासाठी झुरून झुरून याकूब पैगंबरांचे डोळे पांढरे झाले हे कुराणातच आहे, आणि तेच आपल्या बाकी मुलांना सांगतात की अल्लाहच्या रहमतीतून नाउमेद होऊ नका. मला हा माणूस पुरतो. रोज पुरतो असं नाही. सजद्यात, कपाळ जमिनीला टेकलेलं असताना, बऱ्याचदा मी तक्रारच करतो. पण कयामतला हिशोब होणार यावर यकीन आहे, ते सोडलं तर त्या संध्याकाळची दाद मागू कोणाकडे?

आमच्यात गुरुवारी मगरीबनंतरच जुम्याची, म्हणजे शुक्रवारची, रात्र लागते, त्यामुळे दफनला आलेले म्हणाले, नशीबवान, जुम्याची मौत मिळाली. तेव्हा हात उगारायचाच बाकी होता. अम्मी मात्र त्या एका वाक्यावर तगलीय, तिच्याशी वाद घालत नाही. परवा एकाने विचारलं अब्बा कधी गेले, आणि मीच बोलून गेलो, जुम्याच्या रात्री. कॅलेंडरवर गुरुवार आहे. आता यावरून लगेच मला समाधान मिळालं वगैरे म्हणू नका.