नव्वद दाढ्यांची वही

ही वही बाथरूमच्या कपाटात असते. पानांवर पाण्याचे डाग आहेत आणि दोन ठिकाणी रक्ताचे. पाच पात्यांचं कार्ट्रिज सोडून दुधारी ब्लेडचा साधा रेझर हातात घेतला, त्याला साडेतीन महिने उलटून गेले. रविवारी सुट्टी असते आणि सुरुवातीचे काही दिवस जखमा भरण्यात गेले. तरी परवा नव्वदावी दाढी झाली. वहीतल्या नोंदी जरा साफसूफ करून मांडतोय. जुन्या खेळाडूंनी चुका काढाव्यात, नव्यांनी निदान माझ्या चुका परत करू नयेत.

वहीच्या आधी

मी यात पडलो ते गळ्यामुळे. बँकेत काउंटरला बसतो, रोज दाढी लागते. कॉलर जिथे घासते त्या रेषेवर दुसऱ्या दिवशी लाल पुळ्या उठायच्या, तिसऱ्या दिवशी त्यातल्या दोन-तीन पिकायच्या. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं. म्हणाल्या, केस बाहेर यायच्या ऐवजी वळून कातडीतच शिरतोय. मलम लिहून दिलं आणि सांगितलं, "दाढी वाढवा, नाहीतर इतकी घोटून करणं तरी सोडा."

घरी येताना एक गोष्ट डोक्यात घोळत होती. महिन्यातून एकदा केस कापायला जातो तेव्हा दाढीही तिथेच होते, आणि सलूनमधून आल्यावर गळा कधी उठत नाही. तोच गळा, तेच केस. सलूनवाले काका काय करतात? सेव्हन ओ'क्लॉकचं ब्लेड कागदासकट मधोमध कट्कन मोडतात, अर्धं वस्तऱ्यात सरकवतात, उरलेलं अर्धं पुढच्या गिऱ्हाइकाला. म्हणजे माझ्या गळ्यावरून फिरतं ते एकच पातं.

मग वाचायला घेतलं. दोन पात्यांचं कार्ट्रिज जिलेटने १९७१ मध्ये आणलं. त्याची युक्ती अशी, की पहिलं पातं केसाला धरून किंचित वर ओढतं आणि तो परत आत जायच्या आत मागचं पातं त्याला बुडाशी छाटतं. केस कातडीच्या पातळीच्याही खाली तुटतो. हात फिरवला की गुळगुळीत लागतं ते त्यामुळेच. सरळ, मऊ केसांच्या माणसाला काहीच त्रास नाही. पण केस राठ आणि कुरळा असेल तर तिरकं छाटलेलं अणकुचीदार टोक कातडीखाली राहतं आणि वाढताना भलतीकडे घुसतं. १९९८ मध्ये तीन पाती झाली, २००६ मध्ये पाच. प्रत्येक वेळी मी इमानदारीत नवीन दांडी विकत घेतली आणि गळा जास्तच बिघडवून घेतला.

एकेरी पातं केस कातडीच्या पातळीवर कापतं आणि तिथेच सोडतं. संध्याकाळी पाचला खुंट हाताला लागतो, पण त्यावर मी राजी आहे.

क्र. १

पहिला रेझर पाचशे रुपयांचा, तीन तुकड्यांचा: वरची टोपी, मधली पट्टी, खाली दांडी. रक्त तीन ठिकाणी.

कार्ट्रिजचं डोकं हलतं, गालाचा उतार स्वतःच शोधतं, आपण नुसतं दाबायचं. वीस वर्षांची ती सवय. इथे डोकं ताठ असतं, कोन आपल्याला धरायचा असतो. टोपी गालाला टेकवायची, दांडी जवळजवळ आडवी ठेवायची, मग दांडी हळूहळू खाली आणत जायची. एका जागी बारीक करकर आवाज येतो, तिथे थांबायचं. तो कोन साधारण ३० अंशांचा. पुढे रेझरच्या स्वतःच्या वजनावर काम होतं, हाताने फक्त वाट दाखवायची.

हे सगळं मला पाठ होतं. तरी हनुवटीच्या वळणावर हात आपोआप दाबला गेला. बाहेर आलो तर आई म्हणाली, "मांजराशी भांडलास का रे?"

तुरटीचा खडा ओला करून फिरवला. जिथे जिथे चरचरलं तिथे तिथे मी दाबलं होतं. तेव्हापासून तुरटी हीच माझी परीक्षक. आरसा खोटं बोलेल, तुरटी नाही.

क्र. ५ ते ९: पाणी

या पाच नोंदी वैतागाच्या आहेत. चांगला महागाचा दाढीचा साबण आणला, ब्रश फिरवतोय फिरवतोय, फेस येतो आणि गालावर लावेपर्यंत मरतो. वाटीत करड्या रंगाचा पातळ चोथा उरतो. आधी ब्रशला दोष दिला, मग साबणाला.

दोष आमच्या बोअरच्या पाण्याचा निघाला. बादलीच्या कडेला पांढरं कडं धरतं ते पाणी. त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरतो आणि फेस व्हायच्या ऐवजी साका होतो. नवव्या दिवशी स्वयंपाकघरातल्या आरओ फिल्टरचं अर्धा पेला पाणी गरम करून नेलं आणि तोच साबण, तोच ब्रश, वाटी काठोकाठ भरली. तुमचा फेस बसत असेल तर नवीन साबण मागवण्याआधी एकदा हे करून बघा. फिल्टरचं पाणी न्यायचा कंटाळा असेल तर ट्यूबमधलं साधं क्रीम वापरा. माझ्या अनुभवात जड पाण्यात क्रीम साबणापेक्षा बरं टिकतं.

फेस किती दाट हवा, हे मी वहीत दुधाच्या भाषेत लिहिलंय. चक्का झाला तर पाणी कमी: रेझर अडतो, पात्यात गच्च बसतो. ताक झालं तर पाणी जास्त: निसरडेपणा जातो. श्रीखंड थोडं सैल केल्यासारखं हवं, वर चकाकी यायला हवी, ब्रश उचलला की टोकाला शेंडा उभा राहून किंचित वाकायला हवा. बदामाएवढं क्रीम, आणि पाणी थेंबाथेंबाने. ढगासारखा फुगलेला फेस दिसतो छान, पण त्यात हवाच जास्त असते.

आणि ब्रश गालावर निदान दोन मिनिटं फिरवा. केस पाणी प्यायला की मऊ पडतो. कार्ट्रिजच्या दिवसांत मी डब्यातला फेस फासून दहा सेकंदांत पातं लावत होतो. गळ्याच्या दुखण्यातला निम्मा वाटा त्या घाईचाच असणार.

क्र. १४: नकाशा

दोन दिवस दाढी वाढू दिली आणि बोट चारी दिशांनी फिरवून कुठे केस अडतो ते पाहिलं. कागदावर तोंडाचा नकाशा काढून बाण मारले. गालांवर वरून खाली, अपेक्षेप्रमाणे. गळ्याच्या डाव्या बाजूला मात्र चक्क भोवरा निघाला. तिथे केस खालून वर जाऊन कानाकडे वळतो. एवढी वर्षं मी "सुलटा हात" म्हणून तिथे वरून खाली पातं ओढत होतो तो मुळात उलटा हात होता. पुळ्या तिथेच जास्त यायच्या.

आता पद्धत अशी: पहिला हात केसांच्या दिशेने, परत फेस, दुसरा हात आडवा. गळ्यावर उलटा हात बंद. गालांवर सणासुदीला मारतो.

क्र. १८ ते ३५: ब्लेडं

माझ्या मते या छंदातली खरी मजा इथे आहे. किंग कॅम्प जिलेटला या ब्लेडचं पेटंट १९०४ मध्ये मिळालं आणि १९२१ मध्ये ते संपलं. विक्री सुरू झाली त्या १९०३ सालात कंपनीने ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं विकली होती. म्हणजे माझ्या कपाटात आज आहेत त्याहून फार जास्त नाहीत. दांडी फुकटात देऊन ब्लेडवर पैसा कमवायचा, ही चाल त्याच्या नावावर सांगितली जाते. पण पेटंट होतं तोवर रेझर चांगला पाच डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या मानाने महागच, विकला जायचा. पेटंट संपल्यावर मात्र कोणीही हे ब्लेड बनवू लागलं, आणि आज जपानच्या सेकी गावचं फेदर असो की मूळ ठाण्याचं सुपरमॅक्स, कुठलंही ब्लेड कुठल्याही दुधारी रेझरमध्ये बसतं. कार्ट्रिजचं तसं नाही. एकदा दांडी घेतली की त्याच घरी सोयरीक.

चाचणीसाठी सहा जातींची ब्लेडं घेतली, प्रत्येकी तीन दाढ्या, बाकी सगळं तेच. फेदर सगळ्यांत धारदार. माझ्या हाताला अजून झेपत नाही, सहा महिन्यांनी परत बघू. अॅस्ट्राची हिरवी पाकिटं आणि काकांचं सेव्हन ओ'क्लॉक हे दोन माझ्या राठ केसांना मानवले. तुमचं वेगळं निघेल. हे चपलेसारखं आहे, दुसऱ्याच्या मापाने घेता येत नाही.

एका ब्लेडच्या चार दाढ्या होतात. पाचवीला आवाज बदलतो, करकर जाऊन ओढल्यासारखं खरखर लागतं. वाट बघू नका, बदला. सहा रुपयांसाठी गाल का सोलून घ्यायचा.

क्र. ३७

ही नोंद दाढीची नाही. वापरलेली ब्लेडं मी कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकत होतो. सोसायटीत कचरा वेगळा करणाऱ्या ताईंनी त्या दिवशी जिन्यात थांबवलं. अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "दादा, कागद ओला झाला की फाटतो."

त्या रात्री दूध पावडरचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, झाकणाला छिन्नीने बारीक फट पाडली, झाकण एम-सीलने बंद केलं आणि मार्करने वर "धारदार ब्लेड" लिहिलं. मुलगी त्याला बाबांचा गल्ला म्हणते. वर्षभराची ब्लेडं टाकूनही तळ झाकला जाईल की नाही शंका आहे. भरला की भंगारवाल्याच्या हातात सांगून द्यायचा, पोलाद आहे ते. कार्ट्रिजचं काय करणार? पोलाद, प्लास्टिक आणि रबर एकात एक रुतवलेलं, ते सोडवत कोण बसणार.

हा डबा पहिल्या ब्लेडच्या आधी करायला हवा होता.

क्र. ४४

ओला रेझर हातातून निसटून फरशीवर पडला आणि मधला आट्यांचा खिळाच तुटला. स्वस्त रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात, वर चकाकणारा मुलामा. पडले की वाकत नाहीत, तुटतात. मुलामाही कडेने उडायला लागलाच होता. दुसरा स्टेनलेस स्टीलचा घेतला, चोवीसशेला. घरी किंमत अजून सांगितलेली नाही.

क्र. ५१ ते ५३

मामेभावाच्या लग्नाला पुण्याहून विमानाने गोवा, तिथून सावंतवाडी. सुटी ब्लेडं केबिन बॅगेत चालत नाहीत हे माहीत असूनही एक पाकीट किटमध्ये राहिलं आणि तपासणीत गेलं. रेझर रिकामा म्हणून वाचला. सावंतवाडीत उतरल्यावर पहिल्याच टपरीवर पुड्यांच्या माळांशेजारी ब्लेडची पाकिटं लटकत होती. माझ्या जुन्या पाच पात्यांच्या कार्ट्रिजसाठी बाजारात मेडिकलची दुकानं पालथी घालावी लागली असती.

हिशेब

"पैसे वाचतात" म्हणून बरेच जण याकडे वळतात, म्हणून हे आकडे खरे खरे. नव्वद दाढ्यांना २३ ब्लेडं, म्हणजे १३८ रुपये. तेवढ्यालाच पूर्वी नऊ कार्ट्रिजं लागली असती, मला पडणाऱ्या २२० च्या भावाने १,९८० रुपये. वाचले १,८४२.

आता दुसरी बाजू. दोन रेझर २,९००, ब्रश ६५०, साबण आणि क्रीम मिळून चार १,४५०, आफ्टरशेव्ह ३५०, तुरटी ४०. एकूण ५,३९०. आजपासून काहीच घेतलं नाही तरी बरोबरी व्हायला सुरुवातीपासून दहा महिने लागतील. आणि मी काहीच घेणार नाही हे लिहिताना मलाच हसू येतंय. ज्याला खरंच पैसे वाचवायचे आहेत त्याने एक रेझर, एक ब्रश, गोदरेजची एक ट्यूब घ्यावी आणि आमच्यासारख्यांच्या नादी लागू नये.

वेळेचंही खरं सांगतो. पूर्वी चार मिनिटं, आता चौदा. सोमवारी सकाळी ही चौदा मिनिटं टोचतात.

क्र. ८४ ते ९०

केस कापायला गेलो. काकांनी मान मागे टेकवली, गळ्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "घरी वस्तरा घेतला काय?" मी रेझरचं सांगितलं. ते हसले. स्वतःची दाढी कशाने करता विचारलं तर म्हणाले, "ते वापरून फेकायचं मिळतं ना, त्याने. दिवसभर दुसऱ्यांच्याच करतो, साहेब, घरी कुठे वाटी घेऊन बसू."

खालच्या ओठाखाली रुपयाएवढा भाग मला रोज अर्धवट राहतो, तो दाखवला. त्यांनी आरशात करून दाखवलं: जीभ आतून ओठाखाली लावून फुगवायचं, कातडं ताणलं की वरून खाली दोन छोटे हात. दाबायचं नाही. "ताण जिभेने द्यायचा, हाताने नाही."

क्र. ८५ ला जीभ चुकीच्या बाजूला गेली. क्र. ८७ ला जमलं. परवाची नोंद जशीच्या तशी:

क्र. ९०. स्टील रेझर, सेव्हन ओ'क्लॉक, दुसरी दाढी. ट्यूबचं क्रीम, फिल्टरचं पाणी. दोन हात, उलटा नाही. रक्त नाही. तुरटी फक्त उजव्या कानाखाली चरचरली. भोवऱ्यापाशी एक पुळी, जुनी.