कट्टा का जमतो?

आज संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर नेहमीसारखी गर्दी, आणि दोन गल्ल्या सोडून नव्याकोऱ्या स्टीलच्या बाकांवर चिटपाखरू नाही. फरक मोजून सांगता येतो.

बसायची उंची साधारण ४५ सेंटीमीटर हवी. त्याहून उंच झाली की आजींचे पाय लोंबकळतात, कमी झाली की उठताना गुडघे बोलतात. माणशी ६० सेंटीमीटर रुंदी धरा. बाक एका ओळीत मांडले की सगळे बसची वाट बघत बसल्यासारखे दिसतात. तेच काटकोनात मांडले की मान न वळवता गप्पा होतात.

सर्वात जास्त घोळ जागेचा. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या नियमाप्रमाणे फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळे हवेत. बाक, खांब, झाडाचं आळं हे सगळं त्याच्या बाहेर, कर्बला, म्हणजे फुटपाथच्या रस्त्याकडच्या कडेला, लागून मीटरभराच्या पट्ट्यात. बाक त्या १.८ मध्ये घुसला की चालणाऱ्यांचे धक्के लागतात, बसलेला पाचव्या मिनिटाला उठतो.

झाडाच्या सावलीत बाक ठेवला, पण दिवा फांद्यांच्या वर गेला, तर सातनंतर तिथे अंधारच. दिवा फांद्यांखाली, चार मीटरच्या आसपास हवा.

आणि पेव्हर ब्लॉक! कडेला पक्की अडवण नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात खालची वाळू वाहून जाते, बाकासमोर डबकं. मग बसतात ती कुत्री, तीही कोरड्या टोकाला.