ओल्या कापसानं तळवा पुसला तेव्हा

सप्टेंबरचा दुसरा आठवडा होता. कोल्हापुरात डेंग्यूच्या पेशंटची रांग लागली होती. ताप, अंगदुखी, उतरलेल्या प्लेटलेट असं एकत्र दिसलं की आम्हा डॉक्टरांचं डोकं आपोआप डेंग्यूकडं वळायचं. गगनबावड्याकडच्या एका खेड्यातल्या साठीच्या आजी त्याच रांगेतून माझ्याकडं आल्या. सहा दिवसांचा ताप, डोकं ठणकत होतं, प्लेटलेट 62 हजार. आधीच्या दवाखान्यात विडाल पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉईडची इंजेक्शनं तीन दिवस झाली होती, तरी ताप हलला नव्हता. डेंग्यूची एनएस-1 निगेटिव्ह होती, पण सहाव्या दिवशी तिच्यावर विसंबता येत नाही. मीही सलाईन लावून वाट बघत राहिलो. ते दोन दिवस मला अजून टोचतात.

आठव्या दिवशी ताप 103 वर. आजी बरळायला लागल्या होत्या, सोडियम 126 वर उतरलं होतं. सकाळच्या राउंडला सिस्टर त्यांचे हात पुसत होत्या. शेणामातीत आयुष्य गेलेले हात, भेगांत काळं साचलेलं. ओल्या कापसानं तळवा स्वच्छ झाला आणि त्यावर मसुराएवढे तांबूस-काळसर ठिपके दिसले. मी अंगठ्यानं दाबून बघितलं, ठिपका गेला नाही. चादर सारून तळपाय बघितले, तिथंही तेच! सावळ्या कातडीवर हे पुरळ लपून राहतं आणि आपण पोटावर, पाठीवर बघून मोकळे होतो.

तळव्या-तळपायांवरचं असं पुरळ दिसलं की गोचीड-तापाची शंका येते, गोचिडीतून येणाऱ्या जिवाणूंचा ताप. सुनेला विचारलं, घरात कुत्रं आहे का?

"हाय की. गोठ्यातच असतंय. आत्याबाईच त्याच्या गोचड्या काढत्यात, नखावर चेचून."

"गोचीड चावली होती का त्यांना?"

"ती चावल्याली कळतीय व्हय, डाक्टर?"

खरंच कळत नाही. गोचीड चावताना दुखत नाही, म्हणून पेशंट स्वतःहून सांगत नाही. आणि चेचलेल्या गोचिडीचा रस नखाच्या कडेच्या भेगेतूनही आत जाऊ शकतो. मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

काखा, जांघा, कानामागं, स्तनांखाली सगळीकडं काळी खपली शोधली, विडीनं भाजल्यासारखी दिसते ती. नव्हती. स्क्रब टायफसमध्ये, म्हणजे बारीक किडीच्या चाव्यानं येणाऱ्या अशाच तापात, ती पुष्कळदा सापडते, आपल्याकडच्या गोचीड-तापात मात्र अनेकदा नसतेच. दोन्हींवर औषध एकच, डॉक्सिसायक्लिन. रक्त वेल-फेलिक्सला, म्हणजे या तापांच्या तपासणीला, पाठवलं आणि रिपोर्टची वाट न बघता 100 मिलिग्रॅमची पहिली गोळी दिली, पुढं दिवसातून दोनदा. गोळी घशात अडकली तर अन्ननलिका भाजते, म्हणून आजींना उठवून बसवलं, ग्लासभर पाणी पाजलं.

आजी चंदगडकडच्या असत्या तर आणखी एक भीती होती, माकडतापाची. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोग्याच्या जंगलात सापडलेला हा आजार 2016 मध्ये शेजारच्या दोडामार्गात पोचला. तोही गोचिडीमुळंच होतो, पण विषाणूचा आहे, त्याला डॉक्सी चालत नाही. त्यामुळं ताप कुठल्या गावचा, हेही विचारावं लागतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप 99 वर. तिसऱ्या दिवशी आजींनी चहा मागितला. वेल-फेलिक्सचा पहिला रिपोर्ट अगदीच मोघम होता. आठवड्यानं रक्त परत पाठवलं तेव्हा त्यातला ओएक्स-19 चा, म्हणजे या तापाकडं बोट दाखवणारा, आकडा चौपट झालेला. ही तपासणी दुसऱ्या आठवड्यात बोलायला लागते. तोवर थांबलो असतो, तर आजी हाती लागल्या नसत्या.

घरी जाताना त्यांना चिमटा दाखवला. गोचीड कातडीलगत धरायची, सरळ वर ओढायची, रॉकेल लावायचं नाही.

"आन् चेचायची न्हाई?"

"नाही आजी. साबणाच्या पाण्यात टाका."

मुलगा म्हणाला, कुत्र्याला आदल्या दिवशीच जनावरांच्या दवाखान्यात नेऊन आणलंय.