बिनवजनी पडद्याचे लाड

दोन मायक्रॉन जाडीच्या पॉलिएस्टर फिल्ममधून नऊ सेंटिमीटर व्यासाची गोल चकती कापली, तर तिचं वजन भरतं साधारण १८ मिलिग्रॅम. तेवढ्याच व्यासाचा हवेचा थर घेतला, तर जेमतेम सव्वादोन मिलिमीटर जाडीतच हवा त्या चकतीच्या वजनाला येते. इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनमध्ये आवाज काढतो तो हा असला पडदा. नेहमीच्या हेडफोनमध्ये पडद्याच्या पाठीला तांब्याचं वेटोळं चिकटवलेलं असतं, ते चुंबकाच्या फटीत पुढंमागं होतं आणि पडद्याला ढकलतं. इथं वेटोळं नाही, चुंबक नाही. पडद्यावर स्थिर विद्युतभार साठवलेला असतो, त्याच्या दोन्ही अंगांना भोकं पाडलेल्या दोन धातूच्या ताटल्या असतात, आणि गाण्याचा सिग्नल त्या ताटल्यांवर उलटसुलट येतो. एक ताटली ओढते तेव्हाच दुसरी ढकलते. जोर लागतो तो पडद्याच्या कुठल्या एका कडेला नव्हे, सगळ्या अंगाला एकदम.

या बिनवजनी पाहुण्यासाठी बाकीचा संसार मात्र चांगलाच जड होतो. या छंदातली गंमतही तीच आणि वैतागही तोच.

जपानच्या स्टॅक्सनं हे काम सगळ्यात जास्त काळ आणि सगळ्यात हट्टानं केलं. कंपनी १९३८ची, तिचा पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन एसआर-१ बाजारात आला १९६० साली. हे लोक त्याला हेडफोन म्हणतच नाहीत, ‘ईअरस्पीकर’ म्हणतात, आणि एकदा कानावर चढवल्यावर तो हट्ट फारसा खटकत नाही. १९७९ साली चौकोनी लॅम्डा आला, १९९८ साली गोल एसआर-००७, २०११ साली एसआर-००९. मधे नव्वदच्या दशकात कंपनी बुडाली, पुन्हा उभी राहिली, आणि २०११ साली चिनी एडिफायरनं ती विकत घेतली. जर्मनीच्या सेनहायझरनं १९९१ साली ऑर्फियस काढला, सुमारे ३०० संच. मग २०१५ साली एचई-१ जाहीर केला: इटलीतल्या करारा गावच्या संगमरवराचा ॲम्प्लिफायर, २.४ मायक्रॉनचा पडदा आणि त्यावर प्लॅटिनमचा मुलामा. तेव्हाची किंमत पन्नास हजार युरोच्या आसपास. संगमरवराचं कौतुक ज्याला करायचं त्यानं करावं. त्यातली खरी अक्कल वेगळीच आहे, ती पुढं येईल.

घरच्या टेबलावर हा हेडफोन बनवणारे लोकही जगात बरेच आहेत, आणि त्यांच्या पद्धतीवरून कारखान्यात काय चालत असेल याचा अंदाज येतो. ताटल्या, म्हणजे स्टेटर, हल्ली बहुधा १.६ मिलिमीटरच्या सर्किट बोर्डाच्याच करून घेतात. भोकं भरपूर हवीत, पण ताटली स्वतः थरथरता कामा नये. भोकाच्या कडेला धातूची बारीक कूस राहिली, तर तिच्या टोकाशी विद्युतक्षेत्र एकवटतं आणि ठिणगी तिथंच पडते. म्हणून कडा घासून गुळगुळीत करण्यात जो वेळ जातो तो वाया जात नाही. ताटली आणि पडदा यांच्यात अर्ध्या मिलिमीटरची कडी. हे अंतर सगळीकडे सारखं हवं, कारण एका बाजूला ०.४ आणि दुसऱ्या बाजूला ०.५ झालं की पडदा जवळच्या ताटलीकडे कललेलाच राहतो.

मग पडदा ताणणं. यासाठीचा जुगाड सायकलची ट्यूब. गोल पाटाच्या कडेनं ट्यूब बसवायची, तिच्यावरून फिल्म पसरून कडा चिकटपट्टीनं पक्क्या करायच्या आणि पंपानं हवा भरायची. ट्यूब फुगते तसा पडदा चहूबाजूंनी सारखा ताणला जातो. तबल्याच्या पुडीला सोळाही घरांत एकच सूर लागावा, तसा हा ताण हवा. एका अंगाला सैल राहिला तर तिथं सुरकुती पडते, आणि सुरकुती पुढं कधीच जात नाही. ताण कमी ठेवला तर खर्ज चांगला मिळतो, पण विद्युतभाराची ओढ जिंकते आणि पडदा ताटलीला जाऊन चिकटतो. जास्त ताणला तर चिकटण्याची भीती जाते, पण खर्जही जातो. ताण मनासारखा झाला की कडीवर इपॉक्सी लावून पडदा तसाच चिकटवायचा आणि दिवसभर हात लावायचा नाही. पंखा बंद. केस बांधलेले. फिल्म स्वतःच स्थिर विजेनं भारलेली असते, त्यामुळे खोलीतला प्रत्येक धागा, प्रत्येक कण तिच्याकडे धावतो.

पुढची पायरी सगळ्यात नाजूक. नुसतं प्लास्टिक बायसवरून, म्हणजे पडद्याला दिलेल्या स्थिर विद्युतदाबावरून, भार उचलून सगळीकडे पसरवू शकत नाही, म्हणून त्यावर अगदी किंचित वाहक लेप द्यावा लागतो. किंचित म्हणजे खरोखरच किंचित: दर चौरसाला दहा कोटी ओहमपासून हजार कोटी ओहमपर्यंतचा रोध. ग्रॅफाइट घासून घासून चकाकी आणणाऱ्याला वाटतं काम छान झालं. पण लेप जास्त वाहक झाला की पडदा हलताना त्याच्यावरचा भार इकडून तिकडे पळतो, आवाज विकृत होतो, आणि कुठं ठिणगी पडलीच तर साठलेला सगळा भार त्या एका बिंदूतून निसटून पडद्याला भोक पाडतो. लेप फारच अवाहक झाला तर पडदा भारला जायला वेळ घेतो आणि दोन कानांतला आवाज असमान येतो. शिवाय कडेला दोन-तीन मिलिमीटर जागा कोरी सोडायची, नाहीतर भार कडीवरून झिरपत राहतो.

पडद्यावरचा हा बायस स्टॅक्सच्या प्रो संचात ५८० व्होल्ट असतो, जुन्या नॉर्मल संचात २३०. नॉर्मलचा प्लग सहा पिनांचा, प्रोचा पाच पिनांचा. सहा पिनांचा प्लग पाचच्या सॉकेटमध्ये शिरत नाही, आणि ते मुद्दामच, कारण नॉर्मलमधलं पडदा आणि ताटली यांतलं अंतर ०.३ मिलिमीटर, ५८० व्होल्टला ते कमी पडतं. उलट प्रो हेडफोन जुन्या सॉकेटात बसतो. बिघडत काही नाही, पण आवाज सुमारे ८ डेसिबलनं खाली येतो आणि हेडफोन मेल्यासारखा वाटतो. जुन्या बाजारात ‘आवाज कमी आहे’ म्हणून स्वस्तात काढलेल्या संचांपैकी काहींचा आजार एवढाच असतो.

कानाजवळ ५८० व्होल्ट ऐकून दचकायचं कारण नाही. वाटेत ४.७ मेगाओहमसारखा रोध असतो, त्यामुळे शॉर्ट झाला तरी प्रवाह ०.१२ मिलिॲम्पिअरच्या वर जात नाही. ॲम्प्लिफायरच्या आतलं मात्र वेगळं. तिथले काही शे व्होल्ट खरोखर मारू शकतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरात राहतात. झाकण उघडायचं तर थांबायचं, मीटरनं मोजायचं, मगच हात घालायचा.

विजेच्या नजरेनं पाहिलं तर हा हेडफोन म्हणजे ११० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर. १० किलोहर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे १४५ किलोओहम. त्याला प्रवाह जवळपास लागतच नाही, व्होल्ट हवेत: एसआर-००९ला १०० व्होल्टवर १०१ डेसिबल. ८० डेसिबलवर ऐकताना नऊ व्होल्ट पुरतात, पण ढोलकीवर थाप पडली की क्षणात शंभराच्या वर जावं लागतं. म्हणून एक-दोन मिलिॲम्पिअरसाठी हे तापणारे, दोन हातांनी उचलायचे ॲम्प्लिफायर. त्यात केबलही स्वतः कपॅसिटर, म्हणून स्टॅक्सची केबल पट्टीसारखी रुंद, तारा एकमेकींपासून लांब. एचई-१मधली अक्कल ती हीच. तिथं उच्च दाबाचा शेवटचा टप्पा ॲम्प्लिफायरात ठेवलेलाच नाही, तो थेट कानाच्या कपात बसवला. केबलचा प्रश्नच मिटला.

बिघाडांत पहिला नंबर धुळीचा. एक सूक्ष्म धागा पडदा आणि ताटलीला टेकला की चरचर सुरू. दुसरा दमटपणा. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्याचे चार महिने लेपावरचा भार हळूहळू झिरपतो आणि एक कान मंदावतो. आधी इनपुटच्या डाव्या-उजव्या तारा बदलून पाहाव्यात. मंद बाजू त्याच कपाला राहिली तर दोष हेडफोनचा किंवा ॲम्प्लिफायरच्या पुढच्या टप्प्यांचा, बाजू बदलली तर त्याआधीच्या उपकरणाचा. हेडफोन सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात ठेवला आणि ऐकण्याआधी पंधरा मिनिटं बायस चालू ठेवला, तर पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. कानावर झटक्यानं दाबला की आतली हवा कोंडून पडदा ताटलीवर आपटतो आणि ‘फर्र’ असा लाजिरवाणा आवाज येतो. तो दोष नाही, हळू घाला.

जपानहून मागवलेला ॲम्प्लिफायर १०० व्होल्टचा असतो, हे विसरून आपल्या २३०च्या भिंतीत खुपसणारे कमी नाहीत. फ्यूज जाणं हे त्यातलं नशीब. १०० व्हीएचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा. फ्रीक्वेन्सीची काळजी नको, पूर्व जपानात ५० हर्ट्झच आहे.

आणि ऐकायला? खर्ज खोलवर जातो, पण छातीवर आदळत नाही. डीजेच्या धडधडीची सवय असलेल्याला हा प्रकार पांचट वाटेल, आणि त्याचं चूकही नाही. यांचा प्रांत बारीक आवाजांचा. तंबोऱ्याची जवारी एकसंध गुंजनासारखी न येता चार तारांची वेगवेगळी, एकीची दुसरीत मिसळत जाणारी ऐकू येते. सारंगीच्या गजाची घासणी, गायकानं तान संपवून घेतलेला श्वास, जुन्या मैफलीत तिसऱ्या रांगेत कुणीतरी खोकलेलं. रेकॉर्डिंग वाईट असेल तर तेही निर्दयपणे कळतं. ठोकळेबाज कॉम्प्रेशन केलेली, म्हणजे लहानमोठे आवाज एकाच पातळीला आणलेली, हल्लीची गाणी या हेडफोनवर पाच मिनिटं सहन होत नाहीत. कप मागून उघडे असल्यानं बाहेरचंही सगळं आत येतं. छताचा पंखा चालू ठेवून लाखांचा हेडफोन ऐकणं हा आपल्याकडचा खास विनोद आहे, आणि मे महिन्यात त्याला इलाज नाही.

सुरुवात करायची तर कॉस या अमेरिकन कंपनीचा ईएसपी-९५० बरा. १९९०चं डिझाइन, ॲम्प्लिफायर सोबतच येतो, किंमत स्टॅक्सच्या वरच्या संचांच्या कितीतरी खाली. वापरलेला लॅम्डा मिळाला तर आधी पॅड बघा. ते चपटे झाले की कान पडद्याच्या फार जवळ जातो, कडेनं हवा गळते आणि खर्ज नाहीसा होतो, मग लोक ड्रायव्हरला, म्हणजे आतल्या पडदा-ताटल्यांच्या संचाला, दोष देतात. लॅम्डाचे पॅड दुहेरी चिकटपट्टीवर बसलेले असतात. जुना डिंक स्पिरिट लावलेल्या कापडानं पुसा, थेंब आत ओघळू देऊ नका, आणि नवा पॅड पहिल्याच झटक्यात सरळ बसवा, कारण उचकटताना पट्टीबरोबर धूळ अडवणारं पातळ आवरणही निघून येऊ शकतं.